जुन्या ट्रॅक्टरचा क्लच आणि ब्रेक: एकाचा प्ले घटतो, दुसऱ्याचा वाढतो



सोयाबीन निघालं, बऱ्याच जणांची मळणीही उरकली. आता हरभरा-ज्वारीसाठी रान तयार करायचं, आणि दिवाळीच्या मागं-पुढं कापसाच्या ट्रॉल्या सुरू होतील. म्हणजे श्रावण-भादव्यात शेडमध्ये नुसता उभा राहिलेला ट्रॅक्टर एकदम जुंपला जाणार. म्हणून आज खत-फवारणीचा विषय बाजूला ठेवते आणि दोन पेडलांबद्दल लिहिते. संदेश लांब आहे, पण एकदा सावकाश वाचा आणि ट्रॅक्टर जो चालवतो त्याला पुढं पाठवा.

मी कृषी पदविका केलेली, मिस्त्री नाही. पण आमच्या घरचा ट्रॅक्टर माझ्यापेक्षा वयानं मोठा आहे, त्यामुळं याची किंमत मोजून झालेली आहे. लिहिण्याआधी जुना जालन्यातल्या दोन जाणत्या मिस्त्रींकडून तपासूनही घेतलं.

तीन वर्षांमागची गोष्ट. गव्हाच्या पेरणीआधी रानात रोटा लावलेला. इंजिनचा आवाज चढायचा पण ट्रॅक्टर पुढं सरकायचा नाही. काका म्हणाले, क्लच ढिला झालाय, टाईट करून घ्या. पाना घेतला, रॉड आवळला, पेडल कसं कडक लागायला लागलं. सगळ्यांना बरं वाटलं. दोन दिवस चालला. तिसऱ्या दिवशी दुपारी जळका वास आला आणि ट्रॅक्टर जागेवर थांबला. क्लच प्लेट जळाली होती, बेअरिंगही गेलं होतं. प्लेट बदलायची तर ट्रॅक्टर मधून तोडून दोन भाग करावे लागतात. चार दिवस गॅरेजला उभा. तेवढ्यात रानाचा वाफसा गेला आणि परत पाणी देऊन मग पेरावं लागलं.

चूक काय झाली? ढिला नव्हताच तो. उलट आधीच जास्त आवळलेला होता, आणि आम्ही आणखी आवळला.

*क्लचचा प्ले म्हणजे काय*

क्लच पेडल हातानं हळूच दाबून बघा. सुरुवातीला थोडं अंतर ते अगदी अलगद खाली जातं, मग एकदम जड लागतं. त्या अलगद अंतराला फ्री प्ले म्हणतात. आपल्याकडं नुसतं ‘प्ले’ म्हणतात.

आत असं असतं: इंजिनच्या फ्लायव्हीलला क्लच प्लेट चिकटून बसते. तिला मागून प्रेशर प्लेट स्प्रिंगच्या जोरानं दाबून धरते. आपण पेडल दाबलं की रिलीज बेअरिंग पुढं जातं, प्रेशर प्लेटच्या फिंगरांना ढकलतं, आणि प्लेट सुटी होते. पाय काढला की बेअरिंग मागं येतं. पाय काढलेला असताना बेअरिंग आणि फिंगर यांच्यात थोडी फट राहायलाच पाहिजे, साधारण दोन-तीन मिलिमीटर. हीच फट पेडलपर्यंत येता येता लिव्हरमुळं वाढून २० ते ३० मिलिमीटर होते, म्हणजे दीड-दोन बोटं. हा बहुतेक जुन्या ट्रॅक्टरांचा सर्वसाधारण आकडा. तुमच्या मॉडेलच्या पुस्तिकेत वेगळा दिला असेल तर तोच खरा धरा.

आता महत्त्वाचं. क्लच प्लेट जसजशी घासून पातळ होते, तसतशी प्रेशर प्लेट फ्लायव्हीलकडं सरकते आणि तिच्या फिंगरांची टोकं मागं, बेअरिंगकडं येतात. म्हणजे आतली फट आपोआप *कमी* होत जाते. पेडलचा प्ले घटत घटत शून्य होतो. मग बेअरिंग कायम फिंगरांना टेकून राहतं. तुमचा पाय पेडलवर नसतानाही क्लच थोडा दाबलेलाच असतो. प्लेट पूर्ण पकडत नाही, घसरते, तापते, आणखी घासते. आणि आपण म्हणतो, क्लच ढिला झाला, आवळा.

ब्रेकचं नेमकं उलटं असतं. ब्रेकचा लायनर घासला की पेडल जास्त खाली जायला लागतं, तिथं प्ले *वाढतो* आणि तिथं आवळणं बरोबर असतं. शेजारी-शेजारी बसवलेली पेडलं, पण घासल्यावर दोघांचं वागणं उलट. आमचे काका ब्रेकचा अनुभव क्लचला लावायला गेले. गावोगाव हीच चूक होते असं मिस्त्री सांगतात.

*घरी कसं तपासायचं आणि लावायचं*

सपाट जागा बघा. इंजिन बंद, चावी खिशात, अवजार जमिनीवर टेकवलेलं. चाकांना पुढून-मागून दगड लावा. गाडी ताजी बंद केली असेल तर थोडी गार होऊ द्या, खाली हात घालायचा आहे.

लहान मुलांच्या कंपासमधली पट्टी घ्या. पट्टी पेडलशेजारी उभी धरून पेडल हातानं दाबा. पायानं नको, पायाला ते जड कधी झालं ते कळत नाही. जिथं जड लागलं तिथपर्यंत किती मिलिमीटर झाले ते मोजा. दहाच्या आत आलं असेल तर आजच लावून घ्या. काहीच प्ले नसेल तर त्या ट्रॅक्टरला रोटा लावू नका.

पेडलच्या खालून एक रॉड क्लच हौसिंगच्या लिव्हरकडं जातो. त्याच्या एका टोकाला आट्या आणि चेक नट असतो. रॉडचं टोक लिव्हरला पिनेनं जोडलेलं असतं आणि पिनेत कॉटर पिन असते. आधी तिथली माती-ग्रीस खरवडून काढा, आट्यांवर थोडं तेल सोडा. चेक नट ढिला करा. मग पिन काढून रॉडचं टोक एक-दोन फेरे फिरवा, पिन परत घाला आणि पुन्हा मोजा. काही मॉडेलांत रॉड लांब केला की प्ले वाढतो, काहींत कमी होतो. म्हणून अंदाजानं पाच-सहा फेरे फिरवू नका. एक फेरा, एक मोजणी. हवा तेवढा प्ले आला की चेक नट घट्ट करा आणि *नवीन* कॉटर पिन घाला. जुनी वाकवून परत घातलेली पिन कधी तुटून पडेल सांगता येत नाही, आणि ती पडली की क्लच पेडल नुसतं लोंबकळतं. दोन-पाच रुपयांच्या वस्तूसाठी हे नको.

जाता जाता पेडलच्या शाफ्टला ग्रीस द्या. ग्रीस निप्पल मातीनं बुजलेला असतो, पुसला तरच दिसतो. पेडल परत येताना अडकत असेल तर प्ले कितीही बरोबर लावा, उपयोग नाही.

सगळं मिळून पाऊण तासाचं काम आहे.

मग प्ले बरोबर असूनही क्लच घसरत असेल तर? हौसिंगच्या तळाशी बहुतेक ट्रॅक्टरांना एक छोटं भोक असतं. तिथून तेल ठिबकतंय का बघा. ठिबकत असेल तर सील गेलेलं आहे आणि प्लेटला तेल लागलेलं असू शकतं. ते रॉडनं सुटत नाही, ट्रॅक्टर तोडावाच लागेल. क्लच सोडताना ट्रॅक्टर थरथरत असेल तर फिंगर कमी-जास्त उंचीवर असू शकतात, तेही मिस्त्रीचंच काम. पण हे काम पेरणीच्या आधी ठरवून करणं वेगळं आणि अर्ध्या रानात अडकून करणं वेगळं.

ज्यांच्या ट्रॅक्टरला डबल क्लच आहे त्यांच्यासाठी: पेडल अर्धं दाबलं की चाकं थांबतात, पूर्ण दाबलं की पीटीओसुद्धा थांबतो. तुमचा रोटा पूर्ण पेडल दाबूनही फिरत राहात असेल तर पीटीओच्या भागाचं आतलं सेटिंग बिघडलं आहे. तोवर रोट्याजवळ कुणी जाऊ नये. दाबलंय पेडल, थांबला असेल, या भरवशावर मूठभर काडी काढायला हात घालणारे आपल्याकडं आहेत. इंजिन बंद करा, मगच.

*गिअर कर्रर्र वाजतो*

क्लच दाबूनही गिअर टाकताना दात वाजत असतील तर प्ले *जास्त* झालेला असू शकतो. पेडल तळाला लागलं तरी प्लेट पूर्ण सुटत नाही. म्हणून जास्त प्लेही नको. पण प्ले बरोबर असेल आणि फक्त पहिल्यांदा गिअर टाकतानाच वाजत असेल, तर बहुतेक वेळा घाई आपली असते. क्लच दाबल्यावरही गिअरबॉक्समधला शाफ्ट स्वतःच्या वेगानं काही क्षण फिरत राहतो. दाबा, दोन-तीन सेकंद थांबा, मग टाका.

काही जुन्या परदेशी ट्रॅक्टरांत, उदाहरणार्थ बेलारूसमध्ये, हा फिरता शाफ्ट थांबवायला आत एक छोटा ब्रेक दिलेला असतो. त्याला ट्रान्समिशन ब्रेक म्हणतात. क्लच पूर्ण दाबला की तो लागतो. तुमच्याकडं असा कुणाचा ट्रॅक्टर असेल तर क्रम लक्षात ठेवा: आधी क्लचचा प्ले, नंतर ट्रान्समिशन ब्रेक. दोन्ही एकाच पेडलवर चालतात, त्यामुळं क्लच हलवला की त्या ब्रेकचं सेटिंगही हलतं. आधी ब्रेक लावून बसलात तर क्लच सुटायच्या आतच ब्रेक धरेल आणि इंजिनच्या जोरावर तो घासून जाईल. आपल्या भागातल्या बहुतेक ट्रॅक्टरांना मात्र हा प्रकार नसतो, तिथं दोन-तीन सेकंदांचा धीर हाच उपाय.

पावसाळ्यात बंद राहिलेल्या ट्रॅक्टरचा एक वेगळा त्रास असतो. दमट हवेनं प्लेट फ्लायव्हीलला गंजून चिकटते, मग पेडल दाबा की सोडा, गिअर पडतच नाही. चिकटलेली सोडवायला धक्के-झटके देऊ नका, मोकळ्या मैदानात मिस्त्रीसमोरच करा. पुढच्या पावसाळ्यात ट्रॅक्टर महिना-दोन महिने उभा करणार असाल तर पेडल दाबून त्याला लाकडाचा ठोकळा अडकवून ठेवा. प्लेट सुटी राहते.

*आता ब्रेक*

जुन्या ट्रॅक्टरांत ब्रेक मागच्या दोन चाकांनाच असतो. पुढच्या चाकांना काही नाही, आणि आपल्या बहुतेक ट्रॉल्यांनाही स्वतःचा ब्रेक नसतो. म्हणजे ट्रॅक्टर, ट्रॉली आणि त्यातला सगळा माल थांबवायची जबाबदारी या दोन लायनरांवर.

काही मॉडेलांत ड्रम असतो, काहींत गिअरबॉक्सच्या मागच्या अंगाला दोन्ही बाजूंनी कोरड्या डिस्क असतात. डिस्कच्या प्रकारात आत दोन पाट्यांमध्ये छर्रे उतरत्या खाचांत बसवलेले असतात. रॉड ओढला की पाट्या थोड्या फिरतात, छर्रे खाचेत वर चढतात, पाट्या एकमेकींपासून लांब जातात आणि लायनर दाबला जातो. चिखल, पाणी, गंज त्या खाचांत गेला की ब्रेक लागतो पण सुटत नाही. एका बाजूचं हौसिंग हात लाववत नाही इतकं तापत असेल तर हेच झालेलं असतं, नाहीतर रॉड जास्त आवळलेला असतो. तेलातले ब्रेक असलेल्या नव्या मॉडेलांना पुढची पद्धत लावू नका, त्यांचं पुस्तिकेप्रमाणे करा.

एकावेळी एकच मागचं चाक उचला. बाकीच्या तिन्ही चाकांना दगड, गिअर न्यूट्रल, पार्किंग ब्रेक सोडलेला. जॅकच्या भरवशावर राहू नका, एक्सलखाली लाकडी ठोकळे रचा. मऊ रानात हे करायचंच नाही. चाक हातानं फिरवत त्या बाजूच्या रॉडचा नट आवळत जा. चाक जड फिरायला लागलं की थांबा, आणि परत तेवढाच उलटा सोडा, चाक मोकळं फिरेपर्यंत. चेक नट घट्ट करा. मग दुसरी बाजू. शेवटी पार्किंग ब्रेकही धरतो का बघा, रॉड हलल्यावर तोही बदलतो.

दोन्ही पेडलं सारखीच खाली जायला पाहिजेत. पण पेडल सारखं आलं म्हणजे ब्रेक सारखा झाला असं नाही. म्हणून ट्रॉली सोडून मोकळ्या, सपाट, कोरड्या जागी हळू चालवून बघा. दोन्ही पेडलांची पट्टी जोडा, ब्रेक दाबा, उतरा आणि जमिनीवरच्या दोन्ही टायरच्या खुणा बघा. एका बाजूची खूण लांब-गडद आणि दुसरीकडं काहीच नाही, असं असेल तर जी बाजू जास्त धरते ती थोडी *सैल* करा. कमी धरणारी आवळत बसलात तर शेवटी दोन्ही जास्त आवळले जातात आणि रस्त्यावर तापतात.

एक बाजू कितीही आवळली तरी धरतच नसेल तर तिथं लायनरला तेल लागलेलं असणार. मग आवळणं थांबवा. सील आणि लायनर बदलायला लागतील, आणि शक्यतो दोन्ही बाजूंचे लायनर एकदमच बदला. जुन्या लायनरांत ॲस्बेस्टॉस असायचं. ब्रेक उघडल्यावर आतली धूळ तोंडानं किंवा हवेच्या पाइपनं उडवू नका, ओल्या फडक्यानं पुसा. गॅरेजवालाही हवा मारत असेल तर तुम्ही तेवढ्यापुरते लांब उभे राहा आणि त्यालाही सांगा.

*पट्टीची गोष्ट*

दोन पेडलं वेगळी का दिली? रानात बांधाकडेला वळताना एकाच बाजूचा ब्रेक दाबला की ट्रॅक्टर जागेवर वळतो म्हणून. पण रस्त्यावर येताना ती दोन पेडलं पट्टीनं जोडलीच पाहिजेत. हे सगळ्यांना माहीत आहे, मलाही माहीत होतं.

आमचा धाकटा भाऊ रानातून सरळ सोयाबीनची ट्रॉली जोडून निघाला. मी मडगार्डवर बसले होते (तेही चूकच). नाल्याच्या पुलाआधी उतार आहे. समोरून मोटारसायकल आली, त्यानं ब्रेक दाबला आणि पाय फक्त उजव्या पेडलवर पडला. ट्रॅक्टर उजवीकडं फिरला, मागून ट्रॉलीनं ढकललं. पुढचं चाक पुलाच्या कडेला जाऊन थांबलं. चार पोती खाली गेली, आम्ही वर राहिलो. पट्टी पेडलालाच लटकलेली होती, लावायला एक सेकंद लागला असता. त्या पट्टीला आम्ही आता लाल रंग दिलाय. सीटवर बसलं की आधी ती दिसते.

आणि उतारावर डिझेल वाचवायला न्यूट्रल करून सोडणं बंद करा. जुन्या ट्रॅक्टरला उतारावर खरा ब्रेक इंजिनचा असतो. भरलेली ट्रॉली असेल तर ज्या गिअरमध्ये चढला असता त्याच गिअरमध्ये उतरा, आणि गिअर उतार सुरू व्हायच्या आधी टाका. मध्येच क्लच दाबून बसलात तर इंजिनचा आधार गेला, मग उरले ते दोन लायनर.

मार्केट यार्डाच्या रांगेत क्लचवर पाय ठेवून अर्धा-अर्धा तास बसतात, तेही लिहून टाकते. रांग हलत नसेल तर न्यूट्रल करा, पार्किंग ब्रेक लावा, पाय खाली घ्या. नुसता पाय टेकवला तरी बेअरिंग फिंगरांना लागतं, आणि मघाशी सांगितलेली ती दोन-तीन मिलिमीटरची फट तुम्ही स्वतःच बंद केलेली असते.

सुट्या भागांबद्दल थोडं. महिंद्राचा बी-२७५, मॅसी १०३५, स्वराज ७३५ यांचे क्लच-ब्रेकचे भाग सहज मिळतात. एचएमटीवाल्यांनी मात्र जपून घ्या. तो कारखाना बंद करायचा निर्णय २०१६ मध्येच झाला, त्यामुळं आता बाजारात जे मिळतं ते बाहेरचं बनवलेलं. नवीन प्लेट घेताना जुनी सोबत न्या. व्यास, मधल्या भोकाचे दात आणि जाडी दुकानातच जुळवा, बिल घ्या.

या रविवारपर्यंत एवढंच करा: पट्टीनं क्लचचा प्ले मोजा, आणि आकडा व ट्रॅक्टरचं मॉडेल याच ग्रुपच्या नंबरवर पाठवा. लिहायला जमत नसेल तर आवाजाचा मेसेज चालेल. रॉडचा फोटो पाठवलात तर मी मिस्त्रींना दाखवून कळवते. दहा मिलिमीटरच्या आत किती जणांचे येतात ते बघून कंपनीच्या जुना जालन्याच्या ऑफिससमोर एक दिवस मिस्त्रींना बसवता येईल का, हे संचालकांशी बोलून ठेवलं आहे.

पुढचा संदेश हरभऱ्याच्या बीजप्रक्रियेचा.